निर्दोषाचा शोध आणि अपराध्याची जागा : जूलियन बार्न्स यांच्या 'आर्थर अँड जॉर्ज'मधील इतिहास व रहस्य

रहस्यकथा आणि ऐतिहासिक कादंबरी हे दोन्ही कथाप्रकार वाचकाशी एकेक अलिखित करार करीत असतात. आरंभी उपस्थित झालेल्या प्रश्नाचे उत्तर अखेरीस मिळेल आणि ते उत्तर एखाद्या व्यक्तीच्या नावाच्या रूपाने मिळेल, हा रहस्यकथेचा करार होय. जे घडल्याची नोंद आहे ते मोडले जाणार नाही, हा ऐतिहासिक कादंबरीचा. कल्पित पात्रांपुरते हे दोन्ही करार एकाच कथेत सुखाने नांदू शकतात. परंतु प्रत्यक्षात होऊन गेलेली माणसे आणि प्रत्यक्षात घडलेला, पण ज्याचा कर्ता निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही असा अपराध हाच कादंबरीचा विषय झाला, की या करारांमध्ये तेढ निर्माण होते. इतिहासाच्या दप्तरात कर्त्याची जागा कोरी असते आणि रहस्यकथेचा वाचक तर त्याच जागेकडे डोळे लावून बसलेला असतो. त्या जागी कादंबरीकाराने नाव लिहिले, तर ती केवळ कथानकाची सोय राहत नाही, तो एका हयात असलेल्या किंवा होऊन गेलेल्या माणसावरचा आरोप ठरतो.

हा पेच निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळ्या रीतीने हाताळला आहे. जोसेफीन टे यांच्या 'द डॉटर ऑफ टाइम' (१९५१) या कादंबरीत स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर ग्रँट पाय मोडून रुग्णालयात पडलेला आहे. तिसऱ्या रिचर्डचे एक चित्र पाहून त्याचे कुतूहल जागे होते आणि टॉवरमधल्या दोन राजपुत्रांच्या हत्येचा तपास तो अंथरुणावरूनच, कागदपत्रांच्या आधारे करतो. टे यांनी रहस्यकथेचा करार पाळला. रिचर्ड निर्दोष ठरतो आणि अपराधाचा भार सातव्या हेन्रीकडे जातो. एका राजाची सुटका दुसऱ्या राजाला गुंतवूनच होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. २०१२ मध्ये लेस्टर येथे रिचर्डचे अवशेष सापडले. हाडांनी त्याच्या पाठीच्या कण्याविषयीचा वाद मिटवला, राजपुत्रांविषयीचा मात्र मिटला नाही.

मार्गारेट अ‍ॅटवुड यांनी 'एलिअस ग्रेस'मध्ये (१९९६) नेमका उलटा मार्ग पत्करला. १८४३ मध्ये कॅनडातील रिचमंड हिल येथे थॉमस किनिअर आणि त्यांची घरव्यवस्था पाहणारी नॅन्सी माँटगमेरी यांचे खून झाले. जेम्स मॅकडर्मट हा नोकर फासावर गेला. सोळा वर्षांच्या ग्रेस मार्क्स या मोलकरणीची फाशी जन्मठेपेत बदलली गेली आणि १८७२ मध्ये तिला माफी मिळाली. ती अपराधी होती की नव्हती, याचे उत्तर अ‍ॅटवुड देत नाहीत. सुझाना मूडी यांच्या वृत्तान्तावर भिस्त ठेवून त्यांनी १९७४ मध्ये याच विषयावर एक दूरचित्रवाणी-नाटक लिहिले होते. पुढे मूळ कागदपत्रे पाहिल्यावर तो वृत्तान्त त्यांना विश्वसनीय वाटेनासा झाला आणि कादंबरी लिहिताना त्यांनी स्वतःवर एक बंधन घालून घेतले : पक्की नोंद असेल तेथे ती बदलायची नाही, नोंदी गप्प असतील तेथेच कल्पनेला वाव द्यायचा. अनिर्णय हाच त्या कादंबरीचा निर्णय आहे.

जूलियन बार्न्स यांची 'आर्थर अँड जॉर्ज' (२००५) या दोन टोकांच्या मधली, आणि म्हणूनच अधिक अडचणीची, जागा घेते. हा अपराध कोणी केला नाही, हे ती ठामपणे सांगते. तो कोणी केला, हे सांगण्यास ती नकार देते. हा नकार म्हणजे रहस्यकथेच्या एका मूलभूत सवयीवरील टीका कशी ठरते, हे पाहण्यापूर्वी मूळ घटना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे.

शापुरजी एदलजी हे मूळचे मुंबईचे पारशी. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पुढे ते इंग्लंडला गेले आणि स्टॅफर्डशायरमधील ग्रेट वायर्ली या खाणकामगारांच्या वस्तीचे व्हिकर झाले. शार्लट स्टोनम या इंग्रज स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. १८७६ मध्ये जन्मलेला जॉर्ज हा त्यांचा थोरला मुलगा. १८८८ मध्ये आणि पुन्हा १८९२ ते १८९५ या काळात या कुटुंबाला निनावी, शिवराळ पत्रांचा उपद्रव झाला. तक्रार घेऊन गेलेल्या कुटुंबातील मुलावरच परगण्याचा पोलीसप्रमुख कॅप्टन अँसन याने संशय धरला. जॉर्ज बर्मिंगहॅममध्ये सॉलिसिटर झाला आणि १९०१ मध्ये त्याने सामान्य प्रवाशासाठी रेल्वेच्या कायद्यावर एक पुस्तकही लिहिले. १९०३ च्या फेब्रुवारीपासून गावाच्या परिसरात रात्री घोडे, गाई आणि मेंढ्या यांची पोटे फाडण्याचे प्रकार सुरू झाले. ऑगस्टमध्ये खाणीचे एक तट्टू जखमी अवस्थेत सापडले आणि जॉर्जला अटक झाली. तो कोठडीत असतानाही आणखी एक घोडा मारला गेला. तरीही ऑक्टोबरमध्ये स्टॅफर्डच्या क्वार्टर सेशन्स न्यायालयाने त्याला सात वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. सुमारे दहा हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. तीन वर्षांनी, १९०६ च्या ऑक्टोबरात, कोणतेही कारण न देता त्याला सोडण्यात आले, पण शिक्का तसाच राहिला आणि वकिलीही गेली. त्याने शेरलॉक होम्सच्या निर्मात्याकडे धाव घेतली. आर्थर कॉनन डॉयल यांनी १९०७ च्या जानेवारीत 'डेली टेलिग्राफ'मध्ये दोन दिवस लेख लिहून खटल्याच्या चिंधड्या केल्या. गृहमंत्री हर्बर्ट ग्लॅडस्टन यांनी त्रिसदस्य समिती नेमली. तिने दिलेला निष्कर्ष विलक्षण होता : जनावरांना जॉर्जने मारले नाही, परंतु पत्रे त्यानेच लिहिली, सबब त्याने आपले संकट आपणच ओढवून घेतले. त्याला माफी मिळाली, भरपाई मिळाली नाही. समितीचा एक सदस्य अँसनचा नातेवाईक होता.

बार्न्स यांना या प्रकरणाचा पत्ता लागला तो ड्रायफस प्रकरणावरील डग्लस जॉन्सन यांच्या लेखनातून. फ्रान्समध्ये एका निरपराध ज्यूसाठी झोला उभा राहिला, इंग्लंडमध्ये एका निरपराध पारशी-पुत्रासाठी डॉयल उभे राहिले. पहिले प्रकरण जगाच्या स्मरणात राहिले, दुसरे त्याच्या देशातही पुसले गेले. या विस्मरणाचे एक कारण असे की, फ्रान्स त्या प्रकरणाने दुभंगला; इंग्लंडने आपले प्रकरण एका समितीच्या अहवालात गुंडाळून ठेवले.

बार्न्स हे रहस्यकथेला परके नाहीत. १९८० ते १९८७ या काळात डॅन कॅव्हना या टोपणनावाने त्यांनी चार गुन्हेगारी कादंबऱ्या लिहिल्या आणि 'फ्लोबेर्स पॅरट'मध्ये (१९८४) एका थोर लेखकाच्या अवशेषांमागे धावणाऱ्या शोधकाची फजिती रंगवली. 'आर्थर अँड जॉर्ज'मध्ये हे दोन्ही अनुभव एकत्र आले आहेत. कादंबरीचे चार भाग आहेत आणि 'आर्थर' व 'जॉर्ज' अशा शीर्षकांची प्रकरणे बहुतांशी आलटून पालटून येतात. आरंभीच्या भागात आर्थरचे निवेदन भूतकाळात आणि जॉर्जचे वर्तमानकाळात आहे. एकाचे आयुष्य आधीच इतिहासजमा, चरित्रग्रंथांत सुरक्षित आहे. दुसऱ्याचे अजून घडते आहे, आणि म्हणून ते कोणाच्याही हाती सापडू शकते, असा या काळयोजनेचा अर्थ लावता येतो.

पहिल्या काही प्रकरणांत दोघांची आडनावे झाकलेली आहेत. हा आर्थर म्हणजे कोणता आर्थर आणि या जॉर्जचे वडील कोणत्या वंशाचे, हे वाचकाला हळूहळू उमगते. जॉर्जला इंग्रज मुलगा समजून वाचत आलेला इंग्रज वाचक त्या क्षणी स्वतःच्या गृहीतकाशी अडखळतो. भारतीय वाचकाच्या बाबतीत हे तंत्र वेगळे काम करते. मुंबईत वाढलेल्याला 'एदलजी' हे नाव परके नाही, ते दुकानांच्या पाट्यांवर वाचलेले असते. इंग्रज वाचकाला परकेपणाचा धक्का बसतो, तेथे आपल्या वाचकाला ओळखीचा बसतो. न्यायालयात या नावाचे उच्चार सतत चुकीचे होत राहतात आणि जॉर्ज ते नम्रपणे दुरुस्त करू पाहतो, या प्रसंगाची वेदना आपल्याकडे अधिक पोहोचते.

या कादंबरीची ज्ञानमीमांसा भारतीय परिभाषेत मांडली तर तिची रचना उघड होते. प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द या तिन्ही प्रमाणांची येथे परीक्षा होते आणि तिन्ही संशयास्पद ठरतात. प्रत्यक्षाची गोष्ट सर्वांत गहिरी आहे. कादंबरी सुरू होते ती एका लहान मुलाच्या पाहण्याने : आर्थरला आठवणारे पहिले दृश्य आजीच्या मृतदेहाचे आहे. जॉर्जला अशी पहिली आठवणच नाही आणि त्याची ऱ्हस्वदृष्टी तीव्र आहे. डॉयल हे नेत्ररोगांचे शिक्षण घेतलेले वैद्य होते, १८९१ मध्ये त्यांनी लंडनमध्ये त्या शाखेचा व्यवसायही थाटला होता. चेअरिंग क्रॉसच्या हॉटेलात जॉर्ज वृत्तपत्र डोळ्यांजवळ, किंचित तिरके धरून वाचत असलेला त्यांनी पाहिला आणि हा मनुष्य अंधाऱ्या रात्री शेतांतून वाट काढून जनावर हेरू शकणार नाही, असा तर्क केला. ही घटना ऐतिहासिक आहे. ती इतकी होम्सच्या कथांसारखी आहे की, कल्पित कथेत ती कृत्रिम वाटली असती.

शब्दप्रमाणाचा प्रतिनिधी म्हणजे हस्ताक्षरतज्ज्ञ टॉमस गरिन. निनावी पत्रे जॉर्जच्याच हातची आहेत, असे आप्तवाक्य त्याने उच्चारले आणि ज्यूरीने ते मानले. याच गरिनची साक्ष अडॉल्फ बेक या दुसऱ्या निरपराध माणसाच्या खटल्यातही चुकली होती. बेक आणि एदलजी ही दोन प्रकरणे १९०७ च्या कायद्याने फौजदारी अपील न्यायालय स्थापन होण्यामागील महत्त्वाची कारणे मानली जातात. (अक्षरावरून अपराध ठरवण्याची गोष्ट मराठी मनाला नवी नाही. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि 'ध'चा 'मा' करणारी म्हणून आनंदीबाईंचे नाव लोकस्मृतीने कायमचे ठरवून टाकले. तेथेही कोऱ्या जागेत नाव भरले गेले, आणि त्याला फेरतपासणी नाही.)

उरले अनुमान. पोलिसांचे अनुमान सदोष व्याप्तीवर उभे होते. कोटावर घोड्याचे केस सापडले, म्हणून तो कोट घोड्याजवळ गेला होता; मात्र कोट व तट्टवाच्या कातड्याचा तुकडा पोलिसांच्या ताब्यात एकत्र आले असतील, ही शक्यता कोणी विचारात घेतली नाही. जॉर्ज वडिलांच्या खोलीत, कुलूपबंद दाराआड झोपत असे. हा खरे तर त्याच्या बचावाचा पुरावा होता, पण न्यायालयात तोच विकृतीची खूण म्हणून फिरवला गेला. येथपर्यंत कादंबरी डॉयल यांच्या लेखांबरोबर चालते. तिचे खरे सामर्थ्य त्यापुढे दिसते.

डॉयल यांना निर्दोषत्व सिद्ध करून थांबता आले नाही. होम्सची कथा निरपराध्याच्या सुटकेवर संपत नसते, तिला अपराधी हवा असतो. त्यांनी रॉयडन शार्प या स्थानिक माणसावर बोट ठेवले. तो कसायाकडे काम केलेला होता, जनावरांच्या बोटीवर गेलेला होता, त्याच्याजवळ घोड्यासाठी वापरायचे एक मोठे शस्त्र होते, इत्यादी. गृहखात्याने या पुराव्यावर खटला उभा राहत नाही असे ठरवले. बार्न्स यांनी या जागी जे केले ते कादंबरीचे केंद्र मानावे लागेल. आर्थरने शार्पविरुद्ध तयार केलेले निवेदन जॉर्ज वाचतो, आणि तो वाचतो एक सॉलिसिटर म्हणून. त्याच्या ध्यानात येते की, हे सारे परिस्थितिजन्य आणि ऐकीव आहे, शस्त्र ज्या रीतीने हस्तगत झाले ती रीत न्यायालयात टिकणारी नाही. आपल्याविरुद्ध जे रचले गेले होते त्याचेच हे प्रतिबिंब आहे, फक्त नाव दुसरे आहे. उपकारकर्त्याच्या चुकीची ही जाणीव जॉर्ज मनातच ठेवतो. त्याचा दोष तो काही अंशी शेरलॉक होम्सकडे देतो, आणि ते पटते.

रहस्यकथेच्या चौकटीतूनच रहस्यकथेवर असा अभियोग क्वचितच ठेवला गेला असेल. अपराध्याचे नाव मिळाल्याशिवाय निर्दोषत्व पुरे होत नाही, हा वाचकाचा हट्टच अँसनच्या तर्कपद्धतीशी नाते सांगतो. अँसनलाही कोरी जागा सहन झाली नव्हती. टे यांच्या कादंबरीत हेन्रीवर अपराध टाकताना जो आनंद वाचकाला होतो, तो बार्न्स यांचे पुस्तक वाचल्यानंतर पूर्वीइतका निर्मळ राहत नाही. बार्न्स यांनी लेखकाच्या टिपणात जीनचे पत्र वगळता सर्व पत्रे व उतारे अस्सल असल्याचे सांगितले आहे, आणि १९३४ मध्ये एनॉक नोल्स या मजुराने अनेक वर्षे धमकीची पत्रे लिहिल्याची कबुली दिल्याचीही नोंद आहे. म्हणजे काही पत्रांपुरते उत्तर इतिहासानेच दिले. ते कथेच्या चौकटीबाहेर, टिपणात ठेवले गेले, हा संयम अर्थपूर्ण आहे.

आर्थरच्या खाजगी आयुष्याची जोड या सूत्राला कशी मिळते, हेही पाहण्यासारखे आहे. पत्नी लुईसा क्षयाने खंगत होती आणि १८९७ पासून जीन लेकीवर त्यांचे प्रेम होते. शरीराने एकनिष्ठ असलेला हा पुरुष निर्दोष की अपराधी, याचा निवाडा कोणतेही न्यायालय करू शकत नाही. जॉर्जविषयी बोलताना आर्थर आपल्याला तसे 'वाटते' किंवा तसा 'विश्वास' आहे असे म्हणत नाही, आपल्याला ते 'ठाऊक' आहे असे म्हणतो. स्वतःविषयी मात्र त्याला असे काही ठाऊक नाही. हे समांतर सूत्र काही ठिकाणी लांबले आहे, आणि प्रणयाची प्रकरणे एदलजी कुटुंबाच्या प्रकरणांच्या मानाने सैल वाटतात. शार्लट आणि मॉड या दोन स्त्रियांना तर जवळजवळ आवाजच मिळालेला नाही.

कादंबरीतील सर्वांत नाट्यपूर्ण प्रसंग म्हणजे अँसनच्या घरी आर्थरचे भोजन व त्यानंतरचा संवाद. येथे अँसन सुसंस्कृत, यजमानधर्म जाणणारा आणि युक्तिवादात आर्थरला भारी पडणारा दाखवला आहे. रक्तमिश्रणाविषयीचे त्याचे सिद्धान्त सभ्य आवाजात बोलले जातात, म्हणून अधिक भयंकर वाटतात. समीक्षकांनी या समतोलाची प्रशंसा केली. परंतु २०१५ मध्ये लिलावास आलेल्या पत्रव्यवहारातून असे उघड झाले की, डॉयल यांचा तपास हास्यास्पद ठरावा म्हणून खुद्द अँसनने बनावट पत्राचा सापळा रचला होता. निनावी पत्रांच्या या प्रकरणात एक खोटे पत्र पोलीसप्रमुखाचेही होते. कादंबरीकाराची न्यायबुद्धी दप्तरापेक्षा उदार ठरली, असे आता म्हणावे लागते. हा बार्न्स यांचा दोष मानता येणार नाही, कारण २००५ मध्ये ही सामग्री उपलब्ध नव्हती. परंतु सत्ताधाऱ्याला कल्पनेने बहाल केलेला समंजसपणा हीदेखील एक बाजू घेणे असते, याचे हे उदाहरण तुलनाकारांनी जपून ठेवावे असे आहे.

वंशद्वेषाच्या प्रश्नावर आर्थर आणि जॉर्ज यांच्यात मतभेद आहे. आर्थरच्या मते सारे प्रकरण त्यावरच उभे आहे. जॉर्जला तसे मानवत नाही, कारण ते मान्य केले तर आपण इंग्रज आहोत ही त्याची आयुष्यभराची श्रद्धाच कोसळेल. कायद्यावरचा त्याचा विश्वास हा त्याच श्रद्धेचा भाग आहे. पीडिताने स्वतःच्या पीडेचे कारण नाकारावे आणि त्याच्या रक्षणकर्त्याने ते त्याच्यावर लादावे, ही विसंगती बार्न्स यांनी फार नाजूकपणे सांभाळली आहे.

पण या श्रद्धेचे मूळ कोठे आहे, हे विचारू लागल्यावर कादंबरी थांबते. शापुरजी मुलाला इंग्लंडच्या महत्तेचे पाठ देतात, पण हे पाठ त्यांनी स्वतः कोठे आणि कोणत्या किमतीला घेतले, हे अंधारात राहते. मुंबईत १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी जॉन विल्सन यांच्या प्रभावाखाली धर्मांतर केले, तेव्हा सारा पारशी समाज हादरला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यानंतरच्या पिढीतल्या शापुरजींना धर्मांतर म्हणजे आप्तांचा त्याग, हे शिकवावे लागले नसणार. त्या शहरातील धर्मांतरिताचे अंतरंग कसे होते, हे जाणण्यासाठी मराठी अभ्यासकाजवळ बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र आहे. जात, भाषा व घर ही सर्वस्वी वेगळी असली, तरी वडिलांचा धर्म सोडून नव्या समाजाच्या उंबरठ्यावर संशयाने पाहिले जाण्याचा अनुभव तेथे आतून लिहिलेला आहे. बार्न्स यांची कादंबरी 'अरुणोदय'शेजारी ठेवून वाचली, तर वायर्लीच्या व्हिकरेजमधली शांतता वेगळी ऐकू येते.

शापुरजींच्या नावावर १८६० च्या दशकातील गुजराती भाषेचा एक कोश व एक व्याकरण आहे. १९०५ मध्ये मुलगा तुरुंगात असताना त्यांनी आणखी एक पुस्तिका लिहिली, ती त्याच्या खटल्यातील अन्यायाविषयी होती आणि इंग्रजीत होती. कादंबरीत या दुसऱ्या पुस्तिकेमागच्या धडपडीला जागा मिळाली आहे. ज्या भाषेचा त्यांनी कोश केला, तिचा एकही शब्द व्हिकरेजच्या भिंतींआड कधी उच्चारला गेला होता का, हा प्रश्न कादंबरीतला जॉर्ज विचारीत नाही.